पटलावर ठेवले आणि जेवायला गेले

मी एक जुने टेबल आहे आणि माझा स्वभाव तिखट आहे. मित्रांनो, इतर जुन्या वस्तूंनी तुम्हाला आपली करुण कहाणी सांगितली असेल. मला तुमचे अश्रू नकोत. मला राग आला आहे आणि तो तुम्ही ऐकावा, एवढेच माझे मागणे आहे.

एका सुताराने मला जड, काळपट लाकडातून घडवले. तो हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ होता. त्याचा गुण मला लागला असावा. मला संसदेच्या सभागृहात मधोमध बसवले. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला विरोधक. इथे मला मानाने 'पटल' म्हणतात. दोन्हीकडच्यांनी माझ्यावर मुठी आपटल्या आहेत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. कायदा होताना आवाज व्हायलाच हवा. एकेका शब्दाचा कीस पडे, दुरुस्त्या येत, मग मतदान होई.

पण त्या कायद्याखाली सरकार जे आदेश काढते, त्यांची तऱ्हा वेगळी. ते आधी लागू होतात आणि मग माझ्यावर आणून ठेवले जातात. सचिव नुसती नावे वाचतात. ठरलेल्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, तर आदेश पक्का. आणि ही नावे वाचायची वेळ कोणती, तर जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर! माझ्यावर आजवर कोपरे टेकली, पाण्याचे पेले सांडले. आदेश उचलून वाचणारा हात मात्र क्वचितच आला.

मग साथ आली. सदस्य तोंडे झाकून, एकेक जागा सोडून बसू लागले. साथीच्या कायद्याचे विधेयक आले. रुग्णालयात नातेवाइकांना पूर्ण बंदी घालायचा सरकारचा विचार होता. तेव्हा विरोधकांच्या पहिल्या बाकावरून एक सदस्या उठल्या. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत.

"मरणाऱ्या माणसाजवळ घरचं एक तरी माणूस हवं," बाई म्हणाल्या. "त्याला नखशिखांत झाका, पाचच मिनिटं द्या, पण आत सोडा."

"बाई, साथीला भावना कळत नाहीत," आरोग्यमंत्री म्हणाले.

"तुम्हाला कळतात ना? मग तुम्ही लिहा."

मंत्र्यांना ते कलम घालावे लागले. बाके वाजली. त्यानंतर शेवटचे कलम आले: गरज भासल्यास सरकारला या कायद्यात आदेशाने बदल करता येईल. बाई तेव्हा मागे वळून अभिनंदन स्वीकारत होत्या. खिडकीला कडी घातल्याचा आनंद चालला होता आणि दार सताड उघडे होते. सगळे 'हो' म्हणाले आणि उठले.

थोड्याच दिवसांत माझ्यावर आदेशांचा गठ्ठा आला. मरणासन्न रुग्णालाही कुणी भेटायचे नाही, असा त्यात एक आदेश होता. बाईंचे कलम त्याने पुसून टाकले. सचिवांनी त्याचे लांबलचक नाव वाचले, ऐकणाऱ्याला डुलकी यावी असे. बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांनी आपली पर्स त्याच गठ्ठ्यावर ठेवली, आत चष्म्याचे घर कोंबले आणि जेवायला गेल्या. मुदत गुपचूप संपली.

पुढे काय झाले, ते बाईंनीच भर सभागृहात सांगितले.

"माझे वडील, आप्पा, शेवटच्या घटका मोजत होते. फाटकावर पहारेकऱ्यानं मला अडवलं. मी म्हटलं, अरे दादा, कायद्यात आहे, मीच घातलंय ते. तो म्हणाला, ताई, ते रद्द झालं की. भिंतीवर आदेश लावलाय, वाचा. आप्पा आत एकटे गेले. मी बाहेर भिंत वाचत होते."

आरोग्यमंत्री उठले. "आम्हाला दुःख आहे, बाई. पण आदेश पटलावर ठेवला होता. कुणीच हरकत घेतली नाही."

माझ्या चारही पायांची आग मस्तकात गेली. चीड याची, की मंत्री खरे बोलत होते.

बाई खाली बसल्या. सचिवांनी नवा गठ्ठा माझ्यावर ठेवला आणि नेहमीच्या सुरात नावे सुरू केली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "नुसती नावं नकोत. आतलं वाचा."

"सगळं?"

"सगळं."

"अहो, जेवायची वेळ झाली," मागून कुणीतरी कुरकुरले. बाके सरकली, माणसे निघाली. मंत्रीही निघाले. बाईंनी सगळ्यात वरचा आदेश उचलला आणि रिकाम्या होणाऱ्या सभागृहात उभ्याने, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी या बाकांवर बसेल. तेव्हा माझी निगा राखायला येऊ नका. मला पुसणारे आणि चकाकी देणारे पुष्कळ आहेत. मी लाकूड आहे. जे ठेवाल ते धरून ठेवेन, मग तो फुलांचा गुच्छ असो की एखाद्याच्या बापाला एकटे मारणारा आदेश. वाचायला डोळे तुम्हाला दिले आहेत. तेवढे वाचा आणि मगच उठा. जेवण थोडा वेळ थांबते. आप्पांना थांबता आले नाही.