मोकळ्या नळ्यांचं दुखणं

"हृदयाच्या नळ्या बिलकुल मोकळ्या निघाल्या!" औरंगाबादहून परतल्यावर बद्रीनाथांनी साऱ्या जाफराबादला सांगितलं. त्यांची बायको पुष्पाबाई कापूस वेचताना छाती धरून खाली बसली, तेव्हा ते तिला घेऊन तडक औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. अँजिओग्राफी चांगली निघाली आणि ते निर्धास्त झाले.

पण पुष्पाबाईचं दुखणं काही थांबेना. मग बद्रीनाथांना चीड येऊ लागली.

"मोठ्या डॉक्टरानं तपासलंय ना? मंग हे ढोंग कशाला?" एकदा ते पाहुण्यांसमोरच बोलले.

त्यानंतर पुष्पाबाईनं तक्रार केली नाही. बद्रीनाथांना वाटलं, बरी झाली.

एके दुपारी ते गोठ्यात गेले. गव्हाणीमागं पुष्पाबाई घामानं चिंब होऊन बसली होती. कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा दातांत धरला होता!

"अगं, हाक तरी मारायची!"

"मारून काय करू? तुमी ढोंगच म्हणले असते."

 बद्रीनाथांनी तिला तसंच उचललं, रस्त्यानं जाणारी जीप थांबवली आणि थेट जालन्याला हृदयाच्या डॉक्टर शिवकन्याबाईंकडं नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, लगेच उपचार सुरू केले. पुष्पाबाईला जरा आराम पडल्यावर त्या बाहेर आल्या.

"हा हार्ट अटॅकच आहे. बहुतेक शेतातला पहिला झटकाही तोच असावा."

"पण नळ्या तर मोकळ्या हायेत!"

"तरीही येतो, भाऊ. कधी नळी मध्येच आवळते नि पुन्हा सैल होते. कधी गुठळी आपोआप विरघळते. अँजिओग्राफीच्या फोटोत मग काही दिसत नाही. बायकांमध्ये हे जास्त आढळतं, आणि नेमकं त्यांनाच आपण मनाचे खेळ म्हणून घरी पाठवतो. नळ्या मोकळ्या दिसल्या म्हणून तपास संपत नाही. कारण शोधायचं काम तिथून पुढं असतं."

बद्रीनाथ खाली मान घालून आत गेले. पुष्पाबाईचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"चुकलो गं मी. मशीनवर भरोसा ठेवला, तुझ्यावर न्हाई ठेवला."

पुष्पाबाईचे डोळे भरून आले. "आता दुखलं तर सांगू ना?"

"जल्दी सांग. आधी मलाच सांग."

औषधं बदलली, पुढच्या तपासण्या झाल्या. पुढच्या हिवाळ्यात पुष्पाबाई पुन्हा शेतात जाऊ लागली. दमली की बांधावर बसायची, आणि तिला ऊठ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. बद्रीनाथ शेजारीच उभे असायचे!

मित्रहो, रिपोर्ट चांगला आला म्हणून माणसाचं दुखणं खोटं ठरत नाही. घरातली बाई "दुखतंय" म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. तिचा उपचार तिथूनच सुरू होतो.