देवीसाठी उलटा टांगलेला नकाशा

मित्रांनो, पांढुर्ण्याच्या स्टेशन रस्त्यावर बारा गाळ्यांची एक बसकी इमारत आहे. तिचा मी जुना, निळा नकाशा. तिची भिंत न् भिंत माझ्या अंगावर रेखलेली. कोणता गाळा किती लांब, कुठल्या भिंतीत खिडकी, सारं मला तोंडपाठ. आणि गंमत सांगू? ती इमारत मी कधी पाहिलीच नव्हती! मी आपला मागच्या कचेरीत खिळ्याला टांगलेला. व्हरांड्यातून भज्यांचा वास येई, शिवणयंत्राची खडखड येई, आणि मी मनाशी म्हणे, हे माझ्यावरच्या कोणत्या चौकोनातून येत असेल बरं?

माझा जन्म चौऱ्याहत्तर साली नागपूरला झाला. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका नकाशानविसाने पट्टी धरून मला रेखलं. निळ्या कागदावर छापलं, पाठीला कापड चिकटवलं. इमारतीचे मालक नत्थूजी संत्र्यांचे व्यापारी. त्यांनी मला पत्र्याच्या नळीत घालून आगगाडीने गावी आणलं आणि मुनीम देवीदासजींच्या स्वाधीन केलं.

देवीदासजी मोठे भाविक गृहस्थ. सकाळी देवापुढे दिवा लागल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. त्यांनी मला टांगलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि एकदम कानाच्या पाळ्यांना हात लावला. रस्त्यापलीकडे देवीचं देऊळ आहे ना, ते माझ्या खालच्या काठावर लहानशा झेंड्याने दाखवलेलं. आणि त्या काठाखालीच येणारेजाणारे चपला काढत.

"मायबाई, चपलांपाशी आली तू!" असं म्हणून त्यांनी मला उतरवलं, खालीवर फिरवलं आणि पुन्हा टांगलं. देऊळ वर गेलं. माझे आकडे मात्र शीर्षासन करून उभे राहिले. एक नंबर होता डावीकडे, तो गेला उजवीकडे. देवीदासजींना त्याचं काय! त्यांना सगळं पाठ. त्यांनी प्रत्येक भाडेकरूच्या नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी बरोबर त्याच्याच चौकोनावर टाचली. गाळा रिकामा झाला की तिथे कोरी चिठ्ठी लागे.

ते माझे मानाचे दिवस. कोणी विचारे, "मुनीमजी, एखांदा गाळा खाली हाय का?" की देवीदासजी माझ्याकडे पाहूनच उत्तर देत. नत्थूजी पाहुण्यांना सांगत, "हे आमच्या इमारतीची जन्मपत्रिका हाय!" दर पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने माझी धूळ झटकली जाई. उलटा का टांगलाय, हे कुणी विचारलं नाही आणि देवीदासजींनी कुणाला सांगितलंही नाही.

पंच्याऐंशीच्या वैशाखात त्यांच्या सौंसरच्या लेकीचे दिवस भरले म्हणून ते तिकडे गेले. कचेरी नत्थूजींच्या मुलाकडे आली. हेमंत त्याचं नाव. लहानपणापासून नागपूरला शिकलेला, टापटिपीचा, पोरगा वाईट नव्हता. मला पाहताच म्हणाला, "अरे, नकाशा उलटा टांगला का कोणी?" त्याने बाराही चिठ्ठ्या काढून डावीकडून उजवीकडे ओळीने मेजावर मांडल्या, मला सरळ केलं आणि त्याच ओळीने चिठ्ठ्या परत टाचल्या.

मित्रांनो, लक्षात आलं ना? मी फिरलो, चिठ्ठ्या फिरल्याच नाहीत. पहिल्या गाळ्यातलं नाव बाराव्यावर गेलं, बाराव्यातलं पहिल्यावर. रिकामा होता दहावा गाळा, त्याची कोरी चिठ्ठी येऊन बसली तिसऱ्यावर. मी सारं पाहत होतो, पण कागदाला तोंड कुठलं?

दोनच दिवसांनी सौंसरचे वसंतराव गाळा मागायला आले. त्यांना टीव्हीचं दुकान टाकायचं होतं. हेमंतने माझ्याकडे पाहिलं आणि करारावर लिहून टाकलं, गाळा नंबर तीन.

तिसऱ्यात नऊ वर्षांपासून इंदूबाईंचं शिलाईचं दुकान. थोड्याच वेळात त्या कचेरीत आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती.

"हेमंतभाऊ, हे का लावलं तुमी? थो टीव्हीवाला माह्या दारात कुलूप घेऊन उभा हाय!"

मागोमाग वसंतराव. "बाई, लिखापढी झाली. मी का फुकट मांगून राहिलो का?"

हेमंतने माझ्यावर बोट ठेवलं. "इंदूबाई, हे पाहा. तीन नंबर रिकामा आहे. तुमचं नाव दहावर आहे. नऊ वर्षं तुम्हीच चुकीच्या गाळ्यात बसून राहिल्या."

"मी? अन् मुनीमजी काय डोये मिटून पावत्या देत होते?"

"पावती दाखवा."

त्यांनी पिशवीतून पावत्यांची चवड काढली. पण देवीदासजी पावतीवर नाव आणि महिना तेवढा लिहीत. गाळ्याचा नंबर एकीवरही नव्हता.

"कागद खोटं बोलत नाही, काकू," हेमंत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सामान दहामध्ये हलवा."

इंदूबाईंनी पावत्या पिशवीत परत ठेवल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दहाव्याले खिडकी नाई, बापू. माह्या डोयाले आता कमी दिसते. त्या खिडकीच्या उजेडातच मी सुईत दोरा ओवतो. खिडकी गेली त माह्या हातचं काम गेलं. मोहगावच्या लग्नाचे कपडे मशीनवर पडून हायेत. मी काय सांगू त्याहिले?"

मला भारी वाईट वाटलं. माझ्याच भरवशावर हा अन्याय चालला होता. हेमंतने मान फिरवली. पण इंदूबाई तशा सोडणाऱ्या नव्हत्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि डोळे बारीक करून एकेक चिठ्ठी वाचू लागल्या. शेवटच्या चौकोनाशी त्यांचं बोट थांबलं.

"बारा नंबरात मोतीराम चहावाला? हेमंतभाऊ, तुमी सकायपासून तीनदा चहा मांगवला. कोठून आला थो?"

"स्टेशनकडून. पहिल्या... पहिल्या गाळ्यातून." हेमंत अडखळला.

"मंग उतरवा याले. चाला घेऊन. पाहू तरी कोण कोठं बसते!"

आणि काय सांगू, अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या दाराबाहेर पडलो! व्हरांडा माझ्या अंगावर दोन रेघांचा. इथे त्यात सायकली होत्या, संत्र्यांची खोकी होती, उन्हाचा पट्टा होता. मी ज्याला दार म्हणत होतो, तिथे लिंबू-मिरची लोंबत होती. भज्यांचा वास पहिल्या चौकोनातला निघाला. तिथे मोतीराम कढईशी उभा.

"मी बारा नंबर?" तो ओरडला. "बापा! माही भट्टी कोणं उचलून नेली रे?"

दुसऱ्या दारीही तेच, चिठ्ठी भलत्याचीच. तिसऱ्याशी आलो. आत खिडकी होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली रंगीबेरंगी चिंध्या, यंत्रावर अर्धं शिवलेलं शालूवरचं पोलकं. तो उजेड पाहून मी अगदी थक्क झालो. माझ्यावर त्या खिडकीची नुसती एक बारीक रेघ आहे हो!

सहाव्या दारापर्यंत हेमंतला घाम फुटला. तेवढ्यात इंदूबाई म्हणाल्या, "फिरवा बरं याले. वरचं खाली करा."

त्याने मला फिरवलं. नावं आपापल्या दारांसमोर आली. आकडे आणि अक्षरं मात्र उलटी.

"अरे देवा!" हेमंत खालीच बसला. "नकाशा मी फिरवला, अन् चिठ्ठ्या तशाच ठेवल्या! काकू, चूक माझी हाय." शिकलेली भाषा गळून त्याच्या तोंडी गावची बोली आली.

"मंग माहा गाळा कोणता?" वसंतराव.

"दहावा. पण खिडकी नाई."

"टीव्हीले खिडकी कायले पायजे? अंधारातच त चित्र चांगलं दिसते!" सगळे हसले. हसल्या नाहीत एकट्या इंदूबाई. त्यांनी हात पुढे केला.

"पयले पावती लिहून द्या. अन् तिच्यावर तीन नंबर टाका."

हेमंतने तिथेच मांडीवर पावतीपुस्तक ठेवून लिहिलं.

देवीदासजी परतले तेव्हा सगळं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. "देवीचा मान राखला मी, पण सांगितलं नाई कोणाले," एवढंच म्हणाले. मग हेमंतने स्टूल घेतलं आणि खिळा चांगला दोन हात वर ठोकला, चिठ्ठ्याही आपापल्या चौकोनांवर टाचल्या. आता मी सरळ आहे आणि देवीही चपलांपासून उंच आहे. इतका सोपा उपाय, पण त्यासाठी दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं.

हेमंत सांगतो, मोठ्या शहरांत आता काचेच्या पडद्यावर इमारतीचे नकाशे उमटतात, बोट दाबलं की रिकामा गाळा दिसतो. मला फार कुतूहल वाटतं त्या पडद्याचं. व्हरांड्यात भजी तळली की त्याला वास येत असेल का?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या कागदांची धूळ झटकत जा, त्यांना वाळवीपासून जपा. पण आमच्या एकट्यांच्या साक्षीवर कुणाला जागेवरून उठवू नका. आधी त्या दारापाशी जा आणि हाक मारा. आत कुणी खिडकीच्या उजेडात सुईत दोरा ओवत असेल.