मंगळवारचे एकोणीस प्रवासी

या विमानतळावरून आठवड्यात एकच विमान परदेशी जात असे, मंगळवारी सकाळी, आणि त्यात बसून परदेशी मात्र कोणीच जात नसे. एकोणीस आसनांचं ते विमान चाळीस मिनिटांत सरहद्दीपलीकडच्या गावी उतरायचं. आतले एकोणीसजण तिथे शिक्का मारून घ्यायचे, कँटीनमध्ये चहा प्यायचे, पुन्हा शिक्का मारून घ्यायचे आणि त्याच विमानाने परतून जेवायला घरी हजर. अग्निशमन बंबावरचे तिघे, हवामानाचा कारकून, धावपट्टीवरचे पक्षी हाकणारा, माळी, आणि कमी पडतील तेवढे त्यांचे भाऊ, भावजया, आत्या. बंबावरची माणसंच विमानात असल्यामुळे विमानाला आग लागली असती तर ती आतूनच विझवावी लागली असती, पण एवढ्या बारीक गोष्टींचा विचार करायला वेळ कोणाला होता?

या खटाटोपाचं कारण एक नियम होता. वर्षाला परदेशी जाणारे प्रवासी नऊशेच्या खाली आले, तर इमारतीवरच्या पाटीतला ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द उतरवायचा. शब्द उतरला की त्याच्यामागोमाग संचालकांची मोठी गाडी, मोठी खोली आणि अर्धा कर्मचारीवर्ग उतरणार. मग कुठून आणायचे नऊशे प्रवासी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तेव्हा संचालकांनी घरचेच लोक आडात सोडले आणि दर मंगळवारी पोहऱ्याने वर काढले. पलीकडच्या विमानतळाचंही दुखणं हेच होतं. शुक्रवारी त्यांचं विमान यायचं, त्यात त्यांचा माळी, त्यांचा कारकून, त्यांच्या आत्या. दोन्हीकडचे पक्षी हाकणारे तर आता एकमेकांना घरच्या भाज्यांचं बियाणं पाठवू लागले होते.

या विमानतळाचा इतिहास लिहायचा तर तो उशिराचा इतिहास होईल. एका युद्धासाठी धावपट्टी बांधायला घेतली आणि ती पुरी व्हायच्या आत युद्ध उरकलं. पुढे वीस वर्षं तिथे लोक गाडी चालवायला शिकले आणि धुलाईवाले चादरी वाळवत राहिले. मग एका मंत्र्यांची सासुरवाडी नेमकी याच गावात निघाली. सासुरवाडीचा रस्ता खड्ड्यांचा होता. रस्ता दुरुस्त करण्यापेक्षा विमानतळ करणं त्यांना सोपं वाटलं आणि धावपट्टी ‘प्रादेशिक’ झाली. पुढच्या मंत्र्यांना इथे सासुरवाडी नव्हती, पण निवडणूक होती. त्यांनी भाषणाच्या भरात तिला ‘आंतरराष्ट्रीय’ करून टाकलं. दर्जा आधी आला, परदेशी जाणारं विमान चार वर्षांनी. पाटीची अक्षरं एवढी थोरली केली की लांबून आधी शब्द दिसायचा आणि बऱ्याच वेळाने त्याच्याखाली इमारत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

या थोर संस्थेत परदेशी जाणाऱ्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारायला काचेमागे एक बाई बसत. सगळे त्यांना शिक्केबाई म्हणत. प्रत्येकाला ‘प्रवासाचा उद्देश?’ असं विचारायचं, उत्तर पटलं तर शिक्का मारायचा, न पटलं तर माणसाला थांबवायचं, एवढा अधिकार सरकारने त्यांना दिला होता. नऊ वर्षांत त्यांनी कोणाला थांबवलं नव्हतं. उद्देश विचारला की हवामानाचा कारकून ‘पर्यटन’ म्हणायचा, बाई मान खाली घालून शिक्का मारायच्या. त्यांना लाज वाटायची. दर मंगळवारी वाटायची, आणि एकोणीस वेळा वाटायची.

पण बाईंचे वडील होते. पाच वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली आणि त्यांनी अख्खं घर पावलांनी पाठ केलं. चुलीपासून खाटेपर्यंत नऊ, खाटेपासून मोरीपर्यंत सहा, अंगणातल्या लिंबापर्यंत चौदा. स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि कोणी मदतीला आलं तर त्याच्यावर खेकसायचे. दर्जा गेला तर बाईंची जागा रद्द होऊन बदली राजधानीला होणार होती, तिसऱ्या मजल्यावरच्या कसल्या तरी खोलीत. वडिलांपुढे विषय काढला की म्हणायचे, “या वयात मला पुन्हा पहिलीत बसवतेस होय?” वडिलांना त्या घरातून उपटायचं किंवा त्या घरात एकटं टाकायचं, याशिवाय तिसरा मार्ग नव्हता. म्हणून बाई लाज गिळायच्या आणि शिक्का मारायच्या.

वडिलांना सगळं ठाऊक होतं. मंगळवारी संध्याकाळी ते हमखास विचारायचे, “काय, आज कोण परदेशी जाऊन आलं?”

“माळ्याची थोरली वहिनी.”

“वा! काय आणलं तिकडून?”

“पित्त. चहा उकळलेला होता म्हणे.”

मग बापलेक पोटभर हसत.

त्या मंगळवारी दर्जा तपासणी समिती आली. तिघे होते. दोघांचं लक्ष बिस्किटांवर होतं. तिसरे अध्यक्ष, बारीक आवाजाचे, हातात छोटी वही, आणि बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त. संचालकांनी आदल्या दिवशीच फर्मान काढलं होतं की प्रवाशांनी प्रवाशांसारखं दिसावं. त्यामुळे बंबावरचे तिघे उन्हाच्या टोप्या घालून आले. आत्यांनी गळ्यात दुर्बिणी अडकवल्या. सगळ्यांच्या हातांत नव्याकोऱ्या बॅगा होत्या आणि एक्सरेच्या पडद्यावर त्या बॅगांच्या आत नुसती हवा दिसत होती.

या वरातीचा नवरदेव होता संचालकांचा मेहुणा. कागदोपत्री तो दारापुढच्या कारंज्याचा चालक होता आणि कारंजं फक्त मोठी माणसं आली की उडायचं. एरवी दर मंगळवारी तो परदेशी जायचा. एक पासपोर्ट शिक्क्यांनी भरून दुसरा सुरू झाला होता. एवढ्या फेऱ्या करून परदेशातलं त्याने काय पाहिलं होतं, तर एक कँटीन आणि एक मुतारी.

रांग लागली. बाईंनी डोकी मोजली आणि पुन्हा मोजली. वीस.

विसावी एक पन्नाशीची बाई होती. अंगावर कामावरची साधी साडी, बोटांना सुईची टोचणं, हातात दोरीने बांधलेली फुगीर बॅग. आतून भरलेली बॅग पाहून एक्सरेवाला दचकला होता आणि त्याने ती तीनदा फिरवून पाहिली होती. आत लंगोट, दुपटी आणि टोपडी होती. बाई शिंप्याच्या कारखान्यात काजं करायची. तिने गावातल्या दुकानातून रीतसर तिकीट काढलं होतं. असं कोणी करील अशी शंका नऊ वर्षांत कोणाला आली नव्हती, म्हणून यादी करताना कोणी तिकिटं पाहिलीच नाहीत.

विमान कंपनीचा माणूस घाम पुसत आला. “मावशी, विमान भरलंय. पुढच्या मंगळवारी या.”

“पुढच्या मंगळवारी काय? माझ्या लेकीचे दिवस भरलेत. पहिलीच खेप आहे. जावई बोटीवर आहे, तो दोन महिन्यांनी येणार. तिच्याजवळ कोणी नाही हो.”

“रस्त्याने जा ना मग.”

“दोन दिवस लागतात. पोर दोन दिवस थांबणार आहे का माझ्यासाठी?”

संचालक लगबगीने आले, तोंडावर समितीसाठीचं हसू तसंच ठेवून. “अहो मावशी, इथे गडबड नको. बाजूला बसा, आपण मार्ग काढू.” मार्ग म्हणजे दरवाजा, हे शिक्केबाईंना पक्कं माहीत होतं. काजंवाली बाई रांगेतून बाहेर झाली नाही. ती बॅग छातीशी धरून मेहुण्याच्या मागे उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

शिक्केबाईंना राग आला. एवढ्या वर्षांत जो यायला हवा होता तो सगळा एकदम आला. अठरा शिक्के झाले होते. मेहुण्याने सवयीने पासपोर्ट काचेखालून सरकवला आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला.

“प्रवासाचा उद्देश?”

“पर्यटन.”

“काय पाहणार?”

तो वळला. “काय?”

“तिथे काय पाहणार आहात?”

“ताई, काय चेष्टा लावलीय? तुम्हाला माहीत नाही का?”

“माहीत आहे, म्हणूनच विचारते.” त्यांनी पासपोर्ट मिटला आणि परत सरकवला. “उद्देश पटला नाही. तुम्हाला जाता येणार नाही. मावशी, पुढे या.”

मेहुणा इतका गोंधळला की त्याने बहिणीला हाक मारली, आणि ती तर घरी होती. संचालकांचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला. काजंवालीने तोवर पासपोर्ट पुढे केला होता. बाईंनी नियमाप्रमाणे उद्देश विचारला, तिने “बाळंतपण” म्हटलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तो शिक्का मारताना शिक्केबाईंची मान ताठ राहिली.

अध्यक्ष वही उघडून काचेपाशी आले. “त्या गृहस्थांना का थांबवलंत?”

“साहेब, हे तीन वर्षांत एकशे एक्केचाळीस वेळा गेलेत. प्रत्येक खेपेला पन्नास मिनिटं. एवढ्यात तिथल्या गावात जाणारी बससुद्धा मिळत नाही. याला मी पर्यटन कसं म्हणू?”

अध्यक्षांनी लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून विचारलं, “आणि बाकीचे अठरा?”

टोप्या, दुर्बिणी, सगळं जागच्या जागी थिजलं. पक्षी हाकणारा बाईंकडे असा पाहत होता, जणू बाईंनीच त्याच्यावर पक्षी उडवायचा फटाका रोखला होता. त्याला तीन लेकरं होती. माळ्याची सून आजारी होती. आणि घरी वडील आता लिंबापर्यंतची चौदा पावलं मोजत असतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी काचेवरचा नसलेला डाग बोटाने पुसला.

“बाकीच्यांचे उद्देश मला पटले,” त्या म्हणाल्या.

एकोणीस खोट्यांतल्या एकाबद्दलच त्या खरं बोलल्या होत्या. जनाची नाही तर मनाची म्हणतात, ती त्यांना तेवढीच परवडत होती. अध्यक्षांनी वही मिटली. काजंवाली विमानात बसली आणि विमान उडालं. त्यानंतर आठवडाभर संचालक बाईंशी एक शब्द बोलले नाहीत.

शुक्रवारी पलीकडचं विमान आलं. तिकडच्या शिक्केबाई स्वतःच त्यांच्या एकोणिसांत आल्या होत्या. काचेशी वाकून त्यांनी सांगितलं, “मुलगी झाली. पावणेतीन किलो. आजी विमानतळावरून थेट दवाखान्यात गेली, तासाभरात खेप झाली. तिने तुम्हाला सांगायला सांगितलंय.” ते ऐकून बाईंना आनंद झाला, आणि तो लपवायची गरज त्यांना वाटली नाही.

समितीचा अहवाल महिन्याने आला. विमानतळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा पाच वर्षांसाठी कायम. संचालकांचं अभिनंदन. ‘प्रवाशांच्या हेतूंची इतकी कडक छाननी समितीला अन्यत्र आढळली नाही,’ असं अध्यक्षांनी लिहिलं होतं आणि त्याखाली शिफारस केली होती: अशा दक्ष अधिकाऱ्याला लहान जागी अडकवून ठेवू नये. बढती. बदली राजधानीला. सात दिवसांत रुजू व्हावं. खोटं बोलून नऊ वर्षं टिकलेली जागा बाईंनी एकदा खरं बोलून घालवली होती. त्यांच्या खुर्चीवर हंगामी नेमणूक मेहुण्याची झाली. कामाचा पूर्वानुभव या रकान्यात संचालकांनी ‘भरपूर’ असं लिहिलं आणि त्यात तरी काही खोटं नव्हतं.

बाईंनी तो कागद वडिलांना वाचून दाखवला. मध्ये दोनदा थांबल्या. वडील खाटेवर ताठ बसून ऐकत होते.

“मी नाही म्हणून कळवते,” बाई म्हणाल्या.

“नाही म्हटलंस तर नोकरी जाईल. मग खाणार काय, शिक्के?” ते खेकसले. “शेजारीण भाकरी टाकून देईल. जा तू.”

“तुम्ही चला ना, बाबा.”

“मी नाही येत.” एवढंच म्हणाले, आणि उठून सहा पावलं मोजत मोरीकडे गेले.

सातव्या दिवशी सकाळी बाईंनी चहाचा डबा, साखर, काडेपेटी जिथल्या तिथे आहे ना ते चारदा पाहिलं. वडील दारात उभे होते.

“किती वाजताचं विमान आहे?”

“विमान कुठलं, बाबा? इथून राजधानीला विमान जात नाही. बस आहे. अकरा तास.”

वडिलांना जे हसू फुटलं ते आवरेना. “आंतरराष्ट्रीय!” ते म्हणाले आणि पुन्हा हसले. बाईही हसू लागल्या. हसता हसता वडिलांनी हवेत चाचपत लेकीचा हात शोधला आणि धरला. बाहेर गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला, मग तिसऱ्यांदा दिला. हसू केव्हाच संपलं होतं, पण हात त्यांनी सोडला नाही.