पाखडलेली पूड

इंदूरच्या स्नेहलतागंजात निरख्यांच्या घरी पाहुणा आला की त्याची नजर आधी टेबलावरच्या कपबशीकडे जायची. कप बशीत आपला आपण थरथरत असायचा. "काही नाही, वर मशीन चालू आहे," यमुनाबाई म्हणायच्या, आणि पाहुणा चहा जरा घाईनेच संपवायचा. घरातल्या दोघांना ती घरघर ऐकू येईनाशी होऊन तीन वर्षं झाली होती. उलट मशीन बंद पडलं की दोघंही हातातलं काम टाकून छताकडे बघत.

मशीन म्हणजे अरविंद निरख्यांनी स्वतःच्या हातांनी जमवलेला टंबलर. स्प्रिंगांवर बसवलेलं एक भांडं, खाली मोटर, आणि मोटरच्या दांड्याला मुद्दाम एका अंगाने जड केलेली दोन वजनं. मोटर फिरली की भांडं थरथरतं, आतले दगड एकमेकांना घासत गोल गोल सरकतात आणि काही दिवसांनी आरशासारखे होऊन बाहेर पडतात. अरविंदरावांची चाळीस वर्षं पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्यात गेली होती. बेसनाच्या गिरण्यांना लागणाऱ्या थरथरत्या चाळण्या तिथे बनत. निवृत्त झाल्यावर हा माणूस सहा महिने नुसता खिडकीशी बसून होता. जेवलात का विचारलं तर हूं, भाजी कशी झाली तर हूं. शेवटी यमुनाबाईंनीच महेश्वरहून येताना नर्मदेतले मूठभर गोटे पिशवीत घालून आणले आणि त्यांच्या पुढ्यात ओतले.

"हे घासून चमकतात म्हणे. तुम्हाला काय फक्त बेसनच चाळता येतं?"

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी अरविंदराव मोटर शोधायला बाहेर पडले.

पहिलं मशीन दगडांना आठवडाभर नुसत्या गुदगुल्या करत होतं. शिवाय थरथरत थरथरत खोलीभर फिरायचं. एकदा तर दारापर्यंत आलं. मग अरविंदरावांनी त्याला काँक्रीटच्या ठोकळ्यावर बोल्टांनी जखडलं. वजनांचा एकमेकांशी असलेला कोन पाच-पाच अंशांनी बदलून पाहिला. भांडं अर्धं भरलं तर दगड आपटून फुटतात आणि पाऊण भरलं तर गुण्यागोविंदाने घासतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पाणी चमच्याने घालायचं, एक चमचा इकडे तिकडे झाला तरी खेळ बिघडतो. असं एकेक करत मशीन सुधारत गेलं. पण एक गोष्ट काही केल्या सुधारेना, आणि ती म्हणजे चिखल.

दगड घासायला कार्बोरंडमची काळी पूड घालावी लागते, तिला ग्रिट म्हणतात. ती दगडाला खाते आणि खाल्लेल्या दगडाचं पीठ तिच्यातच मिसळतं. दोन दिवसांत भांड्यात नुसता गारा होतो आणि दगड त्यात रुतून बसतात. हा गारा अरविंदरावांनी एकदा मोरीत ओतला, तर पाइपात त्याचं सिमेंट झालं आणि आख्ख्या इमारतीने शिव्या घातल्या. रस्त्यावर टाकावा तर हे इंदूर आहे, इथे केळ्याची साल टाकली तरी लोक मागे लागतात. आणि नवी ग्रिट दिल्लीहून यायला तीन आठवडे. तेव्हा अरविंदरावांनी गारा परातींत भरून गच्चीवर वाळत घातला. वाळल्यावर त्याच्या वड्या झाल्या. त्या बत्त्याने कुटल्या, चाळल्या, पण ग्रिट आणि दगडाचं पीठ काही वेगळं होईना.

"आणा इकडे," यमुनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूप काढलं.

यमुनाबाईंचं माहेर सांवेरचं. वडील तिथे शाळामास्तर, पण घरात वर्षाचा गहू भरायचा तो मुलींच्या हातून पाखडूनच. यमुनाबाईंचं मनगट असं काही फिरायचं की तुरीच्या डाळीतला खडा बरोबर सुपाच्या काठावर येऊन बसे. त्यांनी तो काळा-पांढरा भुगा सुपात घेतला आणि चार हात मारले. पीठ धुरासारखं वर गेलं आणि जड ग्रिट खाली राहिली, काळीभोर, स्वच्छ, साखरेसारखी सळसळणारी. अरविंदरावांनी ती मशीनमध्ये घातली. जे दगड सात दिवस घेत ते चौथ्या दिवशी झाले.

त्या दिवशी अरविंदरावांनी बायकोचा हात हातात घेतला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. दोघंही खुळ्यासारखे हसत होते.

मग तो नेमच पडला. सकाळचा चहा झाला की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दोघं जायचे. ते कुटायचे, त्या पाखडायच्या. वाऱ्याने ग्रिट उडते म्हणून अरविंदराव खिडकी लावून घेत, पंखाही बंद ठेवत. खोलीत पांढरं धुकं भरे. उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकातून आत आली की त्या धुक्यात काठीसारखी उभी दिसायची. यमुनाबाई म्हणायच्या, "बघा ना, कित्ती मस्त दिसतं."

तिसऱ्या वर्षी जिना झाडायला गंगूबाई लागली. ती मंदसौरची, साठीच्या घरातली, मोजून बोलणारी. एका मंगळवारी यमुनाबाई बाजारात गेलेल्या असताना ती गच्चीवरची खोली झाडायला गेली आणि खिडकीपाशीच थांबली. चौकटीवरची पांढरी पूड तिने बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली, उजेडात धरली. अरविंदराव मशीनची वजनं सैल करत होते.

"बाबूजी, ये पत्थर का भुक्का है ना?"

"मिट्टी है. झाड़ू मारो."

"मिट्टी मैं पहचानती हूँ." तिने झाडू भिंतीला टेकवला. "म्हारा आदमी स्लेट-पेंसिल के कारखाने में था. उसके कपड़े झटकती थी तो यही उड़ता था. छह साल काम किया उसने. बाद में लेट के सो नहीं पाता था, बैठे-बैठे सोता था. डॉक्टर टीबी की दवा देते रहे. टीबी थी ही नहीं." ती जराशी पुढे आली. "बाईजी को इसमें मत बिठाओ, बाबूजी. हाथ जोड़ती हूँ."

अरविंदरावांच्या हातातला पाना तसाच राहिला. कारण त्यांना नवीन काहीच कळलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते गुजरातच्या हद्दीजवळ एका दगड दळणाऱ्या कारखान्यात चाळणी बसवायला गेले होते. तिथल्या पांढऱ्या पापण्यांच्या मजुरांकडे बघून त्यांनी मॅनेजरला विचारलं होतं, ही सगळी पोरंच कशी, जुनी माणसं कुठे आहेत? मॅनेजर हसला होता. इथे कुणी जुना होईपर्यंत जगतच नाही, हा त्या हसण्याचा अर्थ परतीच्या बसमध्ये त्यांना नीट कळला होता आणि घरी आल्यावर ते दोनदा अंघोळ करून जेवायला बसले होते. एवढं कळणारा माणूस, तीन वर्षं खिडकी स्वतःच्या हाताने लावत होता. कळतं पण वळत नाही म्हणतात ते असं.

"बाईंना काही बोलू नको," ते म्हणाले. "मैं देखता हूँ."

आणि 'मी बघतो' म्हणणारा पुरुष पुढे काय बघतो हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. गंगूबाई त्या दिवसापासून गच्चीवर चढली नाही आणि महिनाअखेरीस काम सोडून गेली. "मुलाने देवासला बोलावून घेतलं तिला," अरविंदरावांनी यमुनाबाईंना सांगितलं.

तसं त्यांनी अगदीच काही केलं नाही असं नाही. एक बॅच पाण्यात धुऊन पाहिली. पण पाण्याबरोबर बारीक ग्रिटही वाहून गेली, दगड निस्तेज निघाले. यमुनाबाईंना नाकातोंडाला पदर बांधायला सांगितलं. "पदर बांधून पाखडता येतं होय? घाम नाही का येत?" म्हणून त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी सोडला. अरविंदरावांनी फिरून सांगितलं नाही. सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं असतं तर तीन वर्षांचा जाब द्यावा लागला असता.

त्यातच परेशचा फोन आला. परेश नागपूरचा, इथल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. दगड जमवणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन तो डिसेंबरात भरवणार होता.

"सर, तुमच्या अकीक दगडांसारखं पॉलिश मी नागपुरातही पाहिलेलं नाही. मधलं टेबल तुमचं. लोकांना मशीनचं सेटिंगही समजावून सांगा."

निवृत्तीनंतर अरविंदरावांना कुणी सर म्हटलं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं आणि मनाशी ठरवलं, एवढी प्रदर्शनाची बॅच होऊ दे, मग सूप अडगळीत. दिवाळीतही त्यांनी हेच ठरवलं होतं.

नोव्हेंबरात यमुनाबाई दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागल्या. पहिल्यांदा त्यांनी शेजारणीशी बोलायचं निमित्त केलं, मग निमित्तही करेनात. कठड्याला धरून उभ्या राहायच्या, खांदे वरखाली व्हायचे. कोरडा खोकला यायचा, त्यातून काही पडायचं नाही. ब्लाउज सैल झाले. "बरं झालं, बारीक झाले," त्या म्हणायच्या. एके सकाळी त्या पाखडता पाखडता थांबल्या, सूप मांडीवर ठेवलं आणि तोंड उघडून नुसत्या बसून राहिल्या. समोरच्या धुक्यात त्यांचा चेहरा अरविंदरावांना धड दिसेना. मशीन आपलं घरघरत होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. अरविंदरावांच्या मनात तर दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं आणि लपायला कुठे जागा नव्हती. त्या क्षणी ते इतके घाबरले की त्यांना उठवेचना.

त्याच संध्याकाळी ते यमुनाबाईंना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर निशिगंधा चौबळ कोल्हापूरकडच्या, वर्षभरापूर्वीच इंदूरला आलेल्या. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि बराच वेळ पाहिला. दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक पांढरे ठिपके होते, कुणीतरी रवा सांडल्यासारखे.

"खोकला कोरडा, तपासायला थुंकीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दिसायला तर टीबीसारखं आहे. पण असंच चित्र दुसऱ्या एका आजारातही दिसतं. काकू, तुम्ही कधी दगडाच्या खाणीत, क्रशरवर, स्लेटच्या कारखान्यात काम केलंय?"

यमुनाबाईंना हसूच आलं. हसताना खोकला आला. "अहो मॅडम, मी घरीच असते. हाउसवाइफ. कारखान्यात हे होते, मी कशाला जाते?"

"घरात काही धुळीचं काम? बारीक पूड, पावडर असं काही? नीट आठवून सांगा. ह्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे."

 यमुनाबाईंनी मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं, बँकेतला फॉर्म भरताना पाहायच्या तसं, की हे तुम्ही सांगा.

डॉक्टरांनीही पेन धरून अरविंदरावांकडे पाहिलं.  गंगूबाईने जोडलेले हात त्यांना दिसले. बोलायचं ते सगळं जिभेवर होतं. तीन शब्द पुरले असते. पण ते बोलले असते तर शेजारी बसलेल्या ह्या बाईला आत्ता, इथे, परक्या माणसासमोर कळलं असतं की आपल्याला कुणी आणि कसं आजारी पाडलं. आणि हेही कळलं असतं, की त्याला ते ठाऊक होतं.

"नाही," अरविंदराव म्हणाले. "घरात कसली आलीय धूळ? आमच्याकडे एकदम चकाचक असतं."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. "ठीक आहे. मग टीबीचे उपचार सुरू करू. दोन महिन्यांनी परत फोटो काढू."

रिक्षात यमुनाबाई अगदी हलक्या झाल्या होत्या. टीबी काय, आजकाल बरा होतो, त्यांच्या मावसबहिणीचा झालाच की. औषधांच्या पुड्या त्यांनी पर्समध्ये जपून ठेवल्या. अरविंदराव बाहेर बघत राहिले. घरी जाऊन सांगू, असं ते स्वतःला म्हणाले. मग म्हणाले, उद्या.

सकाळी चहा झाला आणि ते दाढी करत असताना त्यांना जिन्यावर पावलं ऐकू आली. चार पायऱ्या, थांबणं. चार पायऱ्या, थांबणं. अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून ते वर धावले. यमुनाबाई खोलीत पाटावर बसल्या होत्या आणि वाळलेली परात त्यांनी जवळ ओढून घेतली होती.

"आज कशाला? आराम कर," ते दारातून म्हणाले.

"प्रदर्शनाला बारा दिवस राहिले. मधलं टेबल आहे ना तुमचं?" त्यांनी दोन ओंजळी सुपात घेतल्या. श्वास पुरेपर्यंत थांबल्या. "खरं सांगू का, काल मॅडमनी धुळीचं विचारलं ना, तेव्हा माझ्या मनात आलंच होतं, ह्याचं सांगावं का म्हणून. मी घाबरलेच होते हो. पण तुम्ही सरळ नाही म्हणालात, तेव्हा कुठे जिवात जीव आला. चाळीस वर्षं मशीनांत काढली तुम्ही, तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"यमुने..."

"काय हो?"

त्या वर बघत होत्या. चेहऱ्यावर कसलाही संशय नव्हता. असता तर अरविंदराव बोलू शकले असते.

"खिडकी उघडी ठेव जरा," ते म्हणाले.

"अन् ग्रिट उडाली तर? तुम्हीच ओरडाल." त्यांनी बसल्या बसल्या हात लांब करून खिडकी ओढून घेतली आणि सूप उचललं. पहिल्याच हाताला पांढरा धूर उठला, वर गेला आणि सावकाश त्यांच्या केसांवर, खांद्यांवर उतरायला लागला.

अरविंदरावांनी यमुनाबाईंच्या हातातून सूप काढून घेतलं नाही. ते आत आले, मागे दार लावलं आणि त्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसले. मग तोंड उघडून त्यांनी खोल श्वास घेतला, आणि आणखी एक घेतला. सांगण्यापेक्षा त्यांना हेच सोपं वाटलं.

"असे काय बघताय?" यमुनाबाईंनी विचारलं आणि त्या हसल्या.

"काही नाही," ते म्हणाले. "तू पाखड."