रेग्युलेटरवरची खूण

घरामागच्या दोन खोल्यांत दोघी जावांचा फरशी पुसायच्या औषधाचा कारखाना होता. कारखाना हा शब्द थोरलीचा. धाकटी त्याला नुसतं ‘मागचं’ म्हणायची. बाहेरच्या खोलीत थोरली बाटल्या भरी, आतल्या खोलीत धाकटी हवेच्या प्रेसवर त्यांना टोपणं बसवी. पायाखालची पट्टी दाबली की वरचा दांडा फस्सकन खाली येई आणि टोपण टक् करून बसे. दांडा किती जोरात यावा हे भिंतीवरचा रेग्युलेटर ठरवी. त्याला एक नॉब, वर ओढून फिरवायचा आणि दाबला की जागच्या जागी पक्का; शेजारी हवेचा जोर दाखवणारा काटा.

भांडण त्या काट्याचं होतं. धाकटीला तो पाचवर आवडे, कारण पाचला दांडा चपळ येतो आणि हात रिकामे राहत नाहीत. पण या खेपेची टोपणं पातळ निघाली. साडेचारच्या वर काटा गेला की त्यांना चीर पडे, म्हणून थोरलीने चारचा हुकूम काढला.

सोमवारी तिला काटा पाचवर दिसला. तिने तो चारवर उतरवला, नॉब दाबला आणि अवाक्षर न बोलता बाहेर गेली; म्हणजे तिच्या मते अवाक्षर नाही, ऐकणाऱ्यांच्या मते पाऊण तास. मंगळवारी जेवणानंतर काटा पुन्हा साडेचारच्या पुढे, आणि खोक्यात एकतीस चिरलेली टोपणं. धाकटी म्हणाली, मी हात लावलेला नाही. थोरलीने काटा खाली आणला आणि सासूबाईंच्या देखत विचारलं, “मग काय, काट्याला पाय फुटले?”

त्या क्षणापासून धाकटीची ‘ताई’ गेली आणि ‘जाऊबाई’ आली. बुधवारी तिने जेवता जेवता सहज सांगितलं की पलीकडच्या रस्त्यावरचे बाटलीवाले तिला पॅकिंगची मुख्य म्हणून बोलावताहेत, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

थोरलीने मनात बेरीज मांडली. धाकटीइतका प्रेसवर झरझर चालणारा दुसरा हात मिळणार नव्हता. शिवाय थोरली करायची त्या सासूबाईंच्या नकला ऐकून पोट धरून हसणारं माणूस घरात एकच होतं. वजाबाकीत फक्त चिरलेली टोपणं येत होती. तरी माघार घ्यायची म्हणजे चोर मोकळा सोडायचा, आणि तिला चोर हवाच होता.

गुरुवारी धाकटी यायच्या आधी तिने काटा पुन्हा चारवर उतरवला आणि नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली, नॉबवरून थेट खालच्या धातूपर्यंत. नॉब केसभर फिरला तरी रेघ तुटणार. सकाळभर ती बाटल्या भरताना गुणगुणत होती.

दुपारी येऊन पाहते तर रेघ सरळसोट. काटा मात्र साडेचार ओलांडून ऐटीत उभा. थोरलीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. रेघ साक्ष देत होती आणि ती साक्ष तिच्याच विरुद्ध जात होती.

शुक्रवारी तिने साबणकाकांना बोलावलं. हा कॉम्प्रेसरचा जुना फिटर; हवा कुठे गळते ते साबणाचा फेस लावून शोधायचा, म्हणून हे नाव. त्याने फेसबिस काही काढला नाही. एकच विचारलं, “वहिनी, चारवर कशा आणता? वरून की खालून?”

वरून, थोरली म्हणाली. काटा वर असतो तर आणणार कुठून?

काकांनी समजावलं की आतली स्प्रिंग आणि रबर उतरताना थोडं अडकून बसतं. काटा चार दाखवतो, पण प्रेस धडधडायला लागला की अडकलेलं सुटतं आणि जोर हळूच वर सरकतो. नेहमी आधी तीनपर्यंत खाली जायचं आणि मग चढत चढत चारला थांबायचं.

काका गेले. आता पंचाईत अशी, की धाकटी निर्दोष आहे हे सिद्ध करणारा पुरावा दाखवायचा तर पाळत ठेवली हेही कबूल करावं लागणार. गप्प राहिलं तर दोन्ही झाकलं जात होतं, आणि संध्याकाळी धाकटीही जात होती. थोरली रेग्युलेटरसमोर गेली. मग तिने धाकटीला हाक मारली.

“नॉब तू फिरवला नव्हतास,” ती म्हणाली. “मी खूण करून ठेवली होती.”

धाकटीने रेघेवर बोट फिरवलं. “माझ्यावर खूण?”

“नॉबवर.”

“तेच ते.” मग धाकटी चेहरा न हलवता म्हणाली, “सोमवारी मीच फिरवला होता. नंतर नाही.”

थोरलीला केवढा आनंद झाला. एक दिवस तरी ती बरोबर होती. पण तो आनंद तिने गिळला आणि काकांचं सगळं शब्दशः सांगून बाजूला सरकली. “आता तू लाव. यापुढे तूच.”

धाकटीने काटा तीनपर्यंत उतरवला, मग सावकाश वर आणला. चारवर आला. तिथे न थांबता आकड्यांमधली एक बारीक रेघ पुढे गेला, आणि तिने नॉब दाबला.

“एवढं चालेल ना, ताई?”

थोरलीच्या जिभेच्या टोकाशी चार हा आकडा स्वच्छ उभा होता. ती म्हणाली, चालेल. धाकटीने फोन उचलला आणि बाटलीवाल्यांना सांगायला अंगणात गेली की तिला जमणार नाही.