कागद आणा

राजधानी बिश्केकमध्ये सरकार पडलं सकाळी, आणि दुपारच्या आत तालुक्याला नवा प्रमुख मिळालासुद्धा. मतदान नाही, हुकूम नाही. चौकात माणसं जमली, कुणीतरी कुबातचं नाव घेतलं, हात वर झाले. तोक्तोसून आजोबांनी तळवे उघडून बाता दिला, म्हणजे वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले आणि कालचा टायरवाला आज साहेब झाला. दिलेला बाता परत घ्यायची रीत नाही. आजोबांनी आधीच्या प्रमुखालाही याच चौकात असाच दिला होता. तो सध्या मेव्हण्याच्या घरी तोंड लपवून बसला होता.

जमीन-नोंदणीच्या कचेरीत अनारकान एकतीस वर्षं होती. सरकार पडताना ती तिसऱ्यांदा पाहत होती. कचेरीचा गोल शिक्का तिच्या ताब्यात, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मागच्या वेळी जमावाने खुर्च्या पळवल्या, पडदे नेले, पण नोंदवह्यांच्या कपाटाला तिने हात लावू दिला नव्हता. त्यानंतर तिने कायद्याच्या पुस्तकातलं एक पान फाडून भिंतीवर चिकटवलं होतं. सरकार बदललं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, असं कलम त्या पानावर होतं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायची. काही बायका घरात मक्केचा फोटो लावतात, तसं तिचं ते पान.

कुबात आला तो पन्नास माणसं घेऊनच.

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "शिक्का काढा. नदीकाठच्या जर्दाळूच्या बागा आहेत ना, त्या नोंदी खोडायच्यात. माझ्या पोरांना घरं बांधायला जागा हवी."

"कोण तुम्ही?"

"घ्या! एजे, तुमच्या मोटारीची चारही टायरं माझ्या दुकानातली."

"टायरवाल्या कुबातला ओळखते मी. तालुक्याच्या प्रमुखाला अजून ओळखत नाही. नेमणुकीचा हुकूम कुठाय?"

"अख्ख्या चौकासमोर बाता मिळालाय मला!"

"त्यावर जावक क्रमांक काय घातला आजोबांनी?"

मागची दोन-चार पोरं फसकन हसली. कुबातचे कान लाल झाले.

"हिलाच काढा आधी!" कुणीतरी ओरडलं.

अनारकानने भिंतीकडे बोट केलं आणि कलम मोठ्याने वाचून दाखवलं. "सही-शिक्क्याचा हुकूम असल्याशिवाय मी वही उघडत नाही. कागद आणा, मग बोला."

"आणतो," कुबात म्हणाला. "पण तुम्हीच मागितलाय, एजे. विसरू नका."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट नदीकाठच्या वस्तीत पोचली. मागच्या सरकारने वाटून दिलेल्या जमिनीवर सत्तेचाळीस घरांच्या बागा होत्या तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी मंडळी दंडाला पहारेकऱ्यांसारखी लाल फडकी बांधून कचेरीच्या दारात हजर. पुढे होती सालिया, अनारकानची शेजारीण. नवरा गेल्यावर तिने जर्दाळूच्या बावीस झाडांवर दोन मुली वाढवल्या होत्या.

"माझी झाडं तुझ्या कपाटात आहेत बाई," ती म्हणाली. "कपाटाला हात लावायचा तर आधी माझ्या अंगावरून जावं लागेल."

नऊ दिवस ती माणसं पायऱ्यांवर बसली. कुबातची पोरं लांबून शिव्या देऊन परत जायची. अनारकानला एकतीस वर्षांत कुणी इतका मान दिला नव्हता. तिला तो आवडला, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं.

रोज सकाळी ती सालियाच्या दारावरून निघायची तेव्हा आतून हाक यायची, "थांब गं, नानला तोंड लावून जा!" उंबऱ्याशी आलेल्याला नानचा घास खाऊ घातल्याशिवाय इथे कुणी सोडत नाही. वैऱ्यालाही नाही. वीस वर्षांत ही हाक एकदाही चुकली नव्हती.

दहाव्या दिवशी कुबात एकटाच आला. दाढी गुळगुळीत, गळ्यात टाय. पायऱ्यांवरच्या लोकांना त्याने वाकून सलाम केला आणि तिच्या टेबलावर कागद ठेवला.

अनारकानने तो तीनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाकडे एखादी चूक मागत होती. क्रमांक होता. तारीख होती. नव्या मंत्र्याची सही होती, शिक्का वर्तुळभर नीट उमटला होता. कुबातची नेमणूक कायम. सर्व कर्मचारी आपापल्या पदांवर कायम. आणि तिसरा मुद्दा, मागच्या सरकारने नदीकाठी केलेली वाटपं रद्द.

"लोकांना न्यायालयात जाता येईल," ती कशीबशी म्हणाली.

"जाऊ द्या की. न्यायाधीशही नवीन आलेत. माझे साडूच आहेत ते." मग तो उठून भिंतीपाशी गेला. "एजे, तुम्ही त्या दिवशी वरचंच कलम वाचलंत. हे खालचं वाचू? 'वरिष्ठाच्या कायदेशीर हुकमाची अंमलबजावणी करणे कर्मचाऱ्यास बंधनकारक राहील.'"

राजीनामा द्यावा, असं मनात आलं तिच्या. पण आपण गेलो तर या खुर्चीत कुबातचा माणूस बसेल आणि उरलेल्या हजार घरांच्या नोंदीही जातील. हे कारण खरं होतं. सोयीचंही होतं. दोन वर्षांवरची निवृत्ती त्या कारणाच्या मागेच उभी होती, आणि तिला ती स्पष्ट दिसत होती.

तिने शिक्का काढला. सत्तेचाळीस वेळा मारला. बाविसाव्या की तेविसाव्या पानावर सालियाचं नाव आलं, तिथेही तो सरळच उमटला.

"तुमच्यासारखी नियमाला धरून चालणारी माणसं हवीत मला," कुबात म्हणाला आणि कागद घडी करून निघून गेला.

सकाळी ती सालियाच्या दारात उभी राहिली. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरलेलं होतं, त्यावर ताजे नान. सालिया चहा ओतत होती.

"कागद बरोबर होता?" तिने मान वर न करता विचारलं.

"बरोबर होता. शोधली गं चूक. खूप शोधली."

"हं."

चहा ओतून झाला. सालियाने नान मोडला, एक तुकडा मोठीपुढे ठेवला, एक धाकटीपुढे. उरलेला कापडात गुंडाळला.

"निघते मी," अनारकान म्हणाली, आणि तरी उंबऱ्यातच थांबली. मग पुन्हा म्हणाली, "निघते हं."

धाकटीने आईकडे पाहिलं. आई चहा पीत होती.

त्या दिवशीही अनारकान कचेरीत वेळेवर पोचली.