शुक्रवारपर्यंत एक नाव

ज्वारीच्या दाण्याएवढा चेंडू फोनच्या काचेवर घरंगळत होता आणि त्यामागे धावणाऱ्या मुंग्यांमधली अबोली कोणती, हे राजेश्रीला चष्म्याशिवायही कळत होतं – खांदे आधी पोचायचे, पाय मागून. जिंतूरच्या याच शाळेत शिकताना दोघींत मिळून बुटांचा एकच जोड होता. अबोली डावरी म्हणून डावा बूट तिचा, उजवा हिचा. आता अबोलीला क्लब दोन्ही बूट देतो. पीटीच्या मॅडम झाल्यापासून राजेश्रीच्याही दोन्ही पायांत सँडल असतात. प्रगती दोघींची झाली.

प्रगती अबोलीच्या महिला फुटबॉल लीगचीही झाली होती. पूर्वी सगळे संघ एकाच गावी जमत नि वऱ्हाड परतावं तसे पंधरवड्यात परतत. आता महिनोन्‌महिने चालतं, आज या राज्यात, उद्या त्या, तेही विमानानं... प्रेक्षक मात्र येलदरीच्या एसटीला थांबतात त्याहून कमी, एवढाच राजेश्रीला दिलासा.

अबोली गोलसमोर एकटी. चुकू दे – हे मी म्हटलं? मीच म्हटलं. चेंडू आडव्या दांडीवरून गेला, आणि डब्यातला ठेचा राजेश्रीला चक्क गोड लागला.

सोमवारी अबोलीचा निरोप आला होता : क्लबला सतराच्या आतल्या पोरी पाहिजेत, शुक्रवारपर्यंत एक नाव कळव, तुझ्या शब्दावर ट्रायलला घेते. तुझ्या शब्दावर... काय हा मोठेपणा! आज शुक्रवार. राजेश्रीनं उत्तर दिलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. नाव तर होतंच – सृष्टी, नववीतली, येलदरीच्या धरणावर मासे धरणाऱ्याची पोरगी. ती पाठीमागून केव्हा फोनमध्ये डोकावायला लागली होती, कोण जाणे.

"लय घाई केली त्या ताईनं," सृष्टी शांतपणे म्हणाली. "मी बसवला असता."

"तू?"

"हाव. मॅडम, तुमी तिच्यासंगं खेळायच्या ना? मग तुमी का न्हाई गेल्या?"

तेव्हाच्या पीटीच्या भगवानराव सरांना क्लबच्या ट्रायलसाठी एकच नाव पाठवायचं होतं, त्यांनी अबोलीचं पाठवलं, एवढीच तर गोष्ट. पण राजेश्री म्हणाली, "घरचे नाही म्हणाले." घरच्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

सृष्टी मान डोलावून मैदानात गेली, अनवाणीच, आणि तिनं उन्हात चेंडू पायावर असा काही उचलला की राजेश्रीला हेवा टोचला... ओळखीचाच, पण कडा अजून धारदार. हा अबोलीसाठीचा नव्हता. तो तर इतक्या वर्षांत घरच्यासारखा झाला होता, सणावाराला यायचा, बसायचा, जायचा. अबोलीचा हेवा करणं किती निर्धास्त होतं, हे तिला आत्ता कळत होतं – अबोलीचं काहीही बिघडवणं आपल्या हातात कधी नव्हतंच. सृष्टीचं मात्र होतं, आजचा शुक्रवार संपेपर्यंत.